पायाला मुंग्या

चिमीच्या आईस,

तुझ्या आईची तब्येत कशी आहे? फोनवर ती ऐकत असते, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. चाचणीसाठी देतात ते नवं औषध माझ्या मायलोमाला, या रक्ताच्या कर्करोगाला, लागू पडतंय. पाठही कमी दुखते.

चाचणीची नर्स रोज फोन करून विचारते, "काही त्रास?" दिवसभरात तेवढाच माणसाचा आवाज. नाही म्हटलं की ती लगेच फोन ठेवते, म्हणून मी पायाला मुंग्या येतात असं ठोकून दिलं. औषधाचा दुष्परिणाम समजून डॉक्टर ते थांबवायलाच निघाले, तेव्हा खरं सांगितलं. नर्स रागावली, मग म्हणाली, "काका, त्रास नसला तरी बोला की." मग मी तुझ्याबद्दलच बोलत राहिलो.

आईला सोडून येऊ नकोस. तिचा डोळा लागला की फोन मात्र कर. काही विचारायचं नसलं तरी कर.

तुझाच,
चिमीचा बाबा