नळातलं कोळ्याचं जाळं

बुधवार, दिवे लागायच्या वेळी

किती दिवस झाले, लिहायचं टाळून राह्यलो. लिहिलं की आपण एकटे पडलोय हे पक्कं होतं, म्हणून.

रिकामा फिरतो म्हणून मला गावच्या पाणी देखरेख समितीत घेतलं. नव्या नळांचं काम बघायचं, मंग 'पाणी चालू' म्हणून कागदावर सही करायची. पण आमच्याकडं सह्या सरपंचाच्या ओसरीवर, चहासोबत होतात. बघायला कोणी जात न्हाई. मी बी गेलो नसतो. भोकरदनहून येताना बोरं दिसली, म्हणून गावाबाहेरच्या वस्तीकडं वळलो. तर नव्या नळाच्या तोंडात कोळ्याचं जाळं! सही केली न्हाई.

सरपंच हसले, "लई फिरून आला, आता साहेब झाला!" तेव्हापासून मी टपरीवर बसलो की माणसं उठतात. शहागडला जाऊन एखाद्या ट्रकवर चढावं, परत गाव सोडावं का? उद्या ग्रामसभेत तो कागद मांडायचाय. सही करून टाकू? पण पाणी आलं असतं तर ते जाळं राहिलं असतं का?

आत्ताच दारात शांताकाकू आल्यात. समितीत सगळ्यात आधी सही त्यांचीच. म्हणतायत, "चप्पल घाल. मला बी ते जाळं दाखव."