भाज्याच्या मावशींचं औषध आणि आपल्या दावणीला नसलेला वळू

ती. आक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. दाजींच्याही ठेवलं असतं, पण भुशी धरणावर कणसांच्या गाडीमागं त्यांचे पाय दिसत नाहीत. तुझी कंबर कशी आहे? फोनच केला असता, पण दाजी तो स्पीकरवर टाकतात आणि आपल्या घरातलं अख्ख्या धरणाला कळतं. म्हणून हे पत्र. वाच आणि चुलीत घाल.

तर आक्का, मूल का होत नाही ते कळलं. कारण मी. बॅटरीच्या कारखान्यात शिसं वितळवायच्या खात्यात इतकी वर्षं काढली, ते शिसं रक्तात उतरलंय. लोणावळ्याचे डॉक्टर म्हणाले, आधी ते खातं सोडा, मग औषधाचं बघू, उमेद आहे. (मी फक्त 'उमेद' ऐकलं. ओव्हरटाइम कोण सोडतो?) म्हटलं, झाडपाला करू, आणि गेलो भाजे गावच्या नंदाबाई मावशींकडं. ओसरीवर बायका शेंगा फोडत बसलेल्या. "कुणाला रं औषध?" म्हातारीनं सगळ्यांदेखत विचारलं नि माझ्या तोंडातून निघून गेलं, "आमच्या वळूला, मावशी." (आपल्या दावणीला शेळीसुद्धा नाही, हे तुला ठाऊक आहे.)

मावशींनी गोखरू, आसंध, शतावरी वळूच्या मापानं दिली, म्हणजे पोतंभर. वर विचारलं, "बांधता कुटं त्याला?" खोटं तरी किती बोलणार? म्हटलं, शिशाच्या भट्टीपाशी. म्हातारी भडकलीच. "आरं मुडद्या, पाला बी खाईल नि इख बी खाईल, तर पाल्यानं काय करावं? आदी तितनं सोड मुक्या जनावराला!" डॉक्टर तेच म्हणाले होते, पण मुकं जनावर म्हटल्यावर मला रडूच आलं. तरी घरी येऊन तांब्याभर काढा प्यालोच, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात मशीनपेक्षा संडासापाशी जास्त दिसलो. त्याच दिवशी पॅकिंगमध्ये बदली मागितली. मिळाली.

पण मावशींचा आपल्या औषधावर भरवसा दांडगा. रविवारी त्यांचे भाऊ भिमाजी टेम्पोत गाय घालून दारात हजर, वळू दाखवा म्हणून! मी न्हाणीत लपलो. सारिका मात्र पदर खोचून पुढं झाली. "वळू ड्यूटीवर गेलाय, आबा. च्या घ्या." आईला वाटलं, सुनेचं डोकं फिरलं.

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! विचारलं, कधीपासून? तर म्हणे, "डाक्टरकडनं आलात नि जेवला न्हाईत, तवाच." आणि तेव्हापासून आईची बोलणी, नवस, कडू मुळ्या सगळं तिनं मुकाट गिळलं. का गं, म्हटलं. "मला सवय हाय. तुमाला सोसायचं न्हाई." आक्का, माझा तिच्यावर लय जीव आहे. तिला कधी बोललो नाही, तुला सांगतो.

तुझा,
कैलास

ता. क. : खरं काम हे. तू ये आणि आईला सांग, दोष सुनेचा नाही. तुझं ती ऐकते. माझी जीभ रेटत नाही.

आणखी ता. क. : राहू दे. पाकीट चिकटवायला आईकडं भाताची शितं मागायला गेलो नि सगळं बोलून बसलो. आईनं उठून सारिकाच्या हातातली परात काढून घेतली. "बस पोरी. आज भाकरी मी थापते." सारिका बसली नि जी रडायला लागली, तिला बघून आई, आईला बघून मी. तू तरीपण ये. तव्यावरची भाकरी उलटायला घरात कुणी नाही.