कधीपासूनची गाठ

आकुर्डी, ३ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांस,
योगिनीचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, हे एका परीने बरंच झालं. त्या निमित्ताने माझं अक्षर सुधारतंय. आम्ही सगळे ठीक आहोत. तुमची तांबी खाऊन-पिऊन सुस्त आहे. तुम्ही निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कंपनीच्या दुपारच्या भोंग्याला ती फाटकापाशी जाऊन बसते. तुम्ही आता शेजार सोडून तळेगावला तुमच्या सुजितकडे राहता आणि तिला आमच्याकडे ठेवून गेलात, हे कुत्रीला कोणी समजावायचं?

तिची तीन महिन्यांची तपासणी या महिन्यात आहे. डॉक्टर बाहेरगावी गेलेत, आले की दाखवते. कर्करोगाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. ऑगस्टचा अहवाल स्वच्छ होता, तोच विम्याच्या नूतनीकरणाला जोडलाय. २० तारखेला पॉलिसीचं नवं वर्ष सुरू झालं की पुढच्या उपचारांचा बराचसा खर्च विमा कंपनी देईल. तुम्ही काळजी करू नका.

आशीर्वाद असू द्या.
तुमची योगिनी


तळेगाव दाभाडे, १० नोव्हेंबर

चि. योगिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. अक्षर सुधारलं न्हाई, पण वाचता आलं. सूनबाई माझ्या चहात साखर घालत न्हाई, वर म्हणते, अण्णा, तुमच्या भल्यासाठी. त्यापेक्षा तांबी बरी, कुणाचं भलं करायला जात न्हाई.

आमच्या गावाकडं म्हशीचा विमा असायचा. कानात बिल्ला मारायचे, आणि म्हैस मेली की पैसे. जित्या जनावराच्या दवापाण्याचा विमा तुझ्याकडंच पाहिला. चांगलं हाय.

सुजित शनिवारी आकुर्डीला आला होता. म्हणाला, डॉक्टरांचा दवाखाना उघडा होता, त्यांची गाडीपण दारात होती. आले असतील तर दाखवून टाक. कमी पडलं तर माझी पेन्शन हाय, तिला दुसरं काय काम?

लोभ हायेच, वाढवायची गरज न्हाई.
तुझा अण्णा


आकुर्डी, १ डिसेंबर

ती. अण्णांस,
सा. न.

तीन आठवडे तुम्हाला उत्तर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पुन्हा खोटंच लिहिलं असतं.

डॉक्टर कुठेही गेले नव्हते. दिवाळीत तांबीला आंघोळ घालताना पोटापाशी हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. तेव्हाच दाखवली असती तर ती कागदावर आली असती, आणि नूतनीकरण करताना कंपनीने कर्करोग वगळला असता. म्हणून थांबले. गेल्या वर्षीच्या खर्चाने आम्ही वाकलो होतो, हे खरं. पण ते कारण आहे की सबब, हे मला अजून ठरवता येत नाही. चाकणला कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांचा माल तपासते, बारीक चरा दिसला तरी परत पाठवते. घरी मात्र महिनाभर तांबीच्या पोटावरून हात फिरवायचं टाळत होते. ती आपली पाठीवर लोळून पोट पुढे करायची.

परवा शनिवारी तिला नेलं. गाठ लिंबाएवढी झालीय. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे? मी म्हणाले, आठ दिवस. त्यांनी गाठ पुन्हा चाचपली. मग म्हणाले, आठ दिवसांत एवढी वाढली असेल तर आजार फार जोरात आहे, आता पुन्हा चिरफाड करून तिचे हाल नकोत, दुखणार नाही एवढं पाहू. हळूहळू वाढलेली असती तर लगेच ऑपरेशन केलं असतं.

अण्णा, ती हळूहळूच वाढलीय. हे फक्त मला ठाऊक आहे. तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. मी मान हलवली आणि गोळ्या घेऊन घरी आले. विम्याचे पैसे गेले तर जाऊ देत, आता त्याचं काही वाटत नाही. पण त्या भल्या माणसापुढे तोंड उघडत नाही. आज सकाळी दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरले.

तुमच्याकडे आशीर्वाद कोणत्या तोंडाने मागू?
योगिनी


तळेगाव दाभाडे, ४ डिसेंबर

चि. योगिनीस आशीर्वाद, न मागता.

टपालात दिवस जातील म्हणून हे पत्र सुजितच्या हाती देतोय. त्याला काही सांगितलं न्हाई.

तू चुकलीस. एकदा लिहिलं, आता परत काढणार न्हाई.

आता माझं. सुजितनं दवाखाना उघडा पाहिला, तुझं उत्तर आलं न्हाई, तेव्हाच मी काय ते समजलो. आकुर्डी काय लांब हाय? गाडीत बसून येता आलं असतं. पण २० तारीख मलापण पाठ होती. ती जाऊ दिली. पेन्शन देतो म्हणून लिहिलं, आणि मनात म्हटलं, कंपनीनं दिले तर बरंच.

उद्या सकाळच्या गाडीनं येतो. तांबीला तयार ठेव. दवाखान्यात तिला मी धरतो. तू डॉक्टरांना सगळं सांग, दिवाळीपासूनचं. मला ऐकू येत न्हाई, तवा माझ्यापुढं लाजायचं कारण न्हाई.

तुझं सांगून झालं की माझ्या हाताला हात लाव. मग मी माझं सांगतो.

तुझा अण्णा