तिसऱ्या सिलिंडरची पाकळी

मी, एर्मेलिंदा ओचोआ तापिया, वय एकोणऐंशी, राहणार क्वाउतेपेकचा वरचा चढ, मेक्सिको शहर, तोंडी सांगते आणि नोटरी वेर्दुस्को लिहून घेतात. मला अक्षर येत नाही. बाकी सगळे येते. डोके ठिकाणावर आहे. खात्री हवी असेल तर खिडकीखालून जाणारी कोणतीही वोचो, ती जुनी घुमटाकार छोटी टॅक्सी, मला ऐकवावी, तिच्या इंजिनाला काय दुखते ते मी इथूनच सांगेन. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. भीती आहे, पण तिचे कलम पुढे येईल.

एक. घराच्या दोन खोल्या आणि गच्ची मुलगी आम्पारो हिला. गच्चीवरचा कुत्रा घरासोबतच जातो. त्याला वेगळा काढता येत नाही. मी प्रयत्न केला आहे.

दोन. खालचे गॅरेज व सर्व हत्यारे नात सित्लाली हिला. केसासारखी बारीक ड्रिलची पाती मोले चटणीच्या रिकाम्या डब्यात आहेत. पत्र्याचे नमुने भिंतीवर टांगले आहेत: एक खाच म्हणजे सपाटीवरची गाडी, दोन खाचा म्हणजे चढावरची. मी कागदावर काहीच काढलेले नाही, तेव्हा कागद शोधत बसू नये.

तीन. दीर फिदेन्सियो चाळीस वर्षे न्हाव्याकडे बसून सांगतो की इंजिनाची ही विद्या माझ्या नवऱ्याची. नवरा भला माणूस होता, पण सैल झडपेचा आवाज आणि पत्र्यावरच्या पावसाचा आवाज त्याला सारखाच वाटे. फिदेन्सियोला नवऱ्याची टोपी द्यावी. तिच्याखाली जेवढे ज्ञान होते तेवढे त्याला लाभो.

चार. भीतीचे कलम म्हटले ते हे.

वोचोचे इंजिन पंख्याच्या वाऱ्यावर थंड होते आणि तिसऱ्या सिलिंडरला वारा सगळ्यांत कमी पोचतो. पेट्रोल वाचावे म्हणून मी कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे छिद्र, बारीक करते. त्याने इंजिन जास्त तापते. म्हणून तिसऱ्याकडे वारा वळवणारी पत्र्याची एक पाकळी मी आत बसवते. ती माझ्या डोक्यातून निघाली आहे. वीस वर्षे मी ती रिव्हेट मारून बसवली. दोन वर्षांपूर्वी हात थरथरू लागले, हातोडी बोटावर पडू लागली. कोणाला कळू नये म्हणून पुढच्या दहा गाड्यांत मी पाकळी कथलाचा डाग देऊन चिकटवली. काम फार सुबक दिसायचे.

अकरा दिवसांपूर्वी एलेउतेरियोची टॅक्सी भर चढावर बंद पडली आणि पाच माणसांसकट मागे घरंगळली. तोर्तियाच्या दुकानाची भिंत आडवी आली म्हणून सगळे वाचले. लोक म्हणाले, ह्याने हँडब्रेक दुरुस्त केला नव्हता. इंजिन मी उघडले. कथील वितळले होते, पाकळी पंख्याजवळ पडली होती, तिसऱ्याची झडप जळली होती. मी पाकळी एप्रनच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "इंजिन म्हातारं झालंय."

त्या दहांतली एक गाडी सित्लालीची आहे. साडेबाराला शाळा सुटली की ती पोरांनी भरलेली गाडी घेऊन हाच चढ चढते. अकरा दिवस मी रोज त्या वेळी खिडकीत उभी राहते आणि आवाज वर पोचेपर्यंत तिथून हलत नाही. एकदा म्हणाले, "पोरी, गाडी उघडू दे." ती म्हणाली, "आजी, पेट्रोल एवढं वाचतंय, आणि तुला खाज सुटलीय उघडायची!" खरे कारण माझ्या तोंडातून निघाले नाही.

हे मृत्युपत्र साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचावे लागते, असे मला कळले. म्हणून पहिला साक्षीदार एलेउतेरियो बोलावला आहे. त्याच्या वाट्याला मी माझा माफीनामा ठेवून जाते.

नोटरी म्हणाले, "बाई, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. पण माफीनामा ही मालमत्ता नाही, चालेल."

एलेउतेरियो भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "दोन्या एर्मेलिंदा, टॅक्सी स्टँडवर पोरंटोरं मला 'मागे जाणारा' म्हणतात. बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही."

मी म्हणाले, "माहीत आहे रे बाबा. शिव्या दे. नोटरी लिहून घेतील."

त्याने शिव्या दिल्या नाहीत. त्याने विचारले, "बाकीच्या नऊ गाड्यांचं काय?"

"चौथ्या कलमात सांगणारच आहे. सगळ्या उघडाव्यात, कथील खरवडावं, रिव्हेट मारावेत."

"कधी?"

नोटरींनी लेखणी खाली ठेवली. "बाई, हा कागद तुम्ही गेल्यावर अमलात येतो."

"आणि आज शाळा किती वाजता सुटते?" एलेउतेरियोने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता जिन्याकडे धावला.

सबब चौथे कलम रद्द समजावे. ते मी मेल्यावर करायचे काम नाही. नऊ गाड्यांच्या मालकांची नावे मी नोटरींना सांगितली आहेत. ती वेगळ्या कागदावर, आत्ताच, दुसरी साक्षीदार असलेल्या शेजारणीच्या हाती स्टँडवर धाडली आहेत.

क्वाउतेपेक, १४ मार्च २०१९, दुपारी साडेबारा.

लिहून देणार: एर्मेलिंदा ओचोआ तापिया. अंगठा खिडकीत उभी राहून दिला.

साक्षीदार पहिला: एलेउतेरियो बार्रागान. सही बाकी.

साक्षीदार दुसरी: रेमेदियोस कुएवास, शेजारीण. सही बाकी.

दोघे परत येईपर्यंत हा दस्त अपुरा आहे. अजून खालून कोणतीही गाडी वर आलेली नाही.