खंडेनवमी आणि उणे वीसची कुपी

निगडी,
शुक्रवार

तीर्थस्वरूप हरिहरमामांना निवेदिताचा शिरसाष्टांग नमस्कार. पिंपळे गुरवात सगळे खुशाल असावेत. तुमच्या गुडघ्याची सूज आणि मामींचा राग, दोन्ही उतरले असावेत. मी धडधाकट आहे, डोकं तेवढं फिरलंय.

सोमवारी तुम्ही आमच्या महाळुंग्याच्या कंपनीत चौकशी समितीवर बसणार, म्हणून भीमराज इलेक्ट्रिशियनचा पराक्रम आधीच कळवते. खंडेनवमीला खालच्या शेडमधली यंत्रं बंद करून पुजतात, ते ठीक. पण या भक्तशिरोमणींनी वर प्रयोगशाळेत येऊन आमचा उणे वीसचा फ्रीजरही बंद केला! पुसला, हळदीकुंकवाची बोटं ओढली, झेंडूचा हार घातला, पुढ्यात नारळ फोडला (पाणी थेट प्लगात), आणि दसरा उलटल्यावर ऐटीत चालू केला. विचारलं तर म्हणतो कसा, "म्याडम, बारा म्हयने राबतंय बिचारं, दोन दिस इसावा नको व्हय?" धन्य ती भूतदया!

आत होती परदेशातून तीन महिन्यांनी आलेली अँटिबॉडीची कुपी. मामा, बीटा-कॅटेनिन नावाचं एक प्रथिन असतं. एरवी ते पेशीच्या कडेला, शेजारच्या पेशीचा हात धरून अगदी सालसपणे उभं. पण संधी मिळाली की केंद्रकात शिरून हुकूम सोडायला लागतं (तुमच्या सोसायटीत केसरबाई करतात तेच). ते कडेला आहे की आत घुसलंय, याची चुगली ही अँटिबॉडी करते. दोन दिवस गरम राहिली की तिची वाचाच बसते. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तिच्यावर अडलेलं, आता बसा बोंबलत! साहेबांनी भीमराजला निलंबित केलंय, सोमवारी नोकरीच जाईल म्हणतात. जाऊ दे की! प्रयोगशाळा म्हणजे काय गावजत्रा आहे?

तुमची भाची,
निवेदिता

ता. क. शार्दूलदादा दिवाळीला अमेरिकेहून येतोय ना? तशीच एक कुपी बर्फात घालून आणायला सांगा. मामींना नमस्कार.

आणखी एक ता. क. मामा, हा लखोटा तीनदा चिकटवला आणि तीनदा फाडला. गौरी-गणपतीच्या सुट्टीवर जाताना ती कुपी मीच टेबलावर विसरले होते, चांगली पाच दिवस. आल्यावर गुपचूप फ्रीजरात ठेवून दिली. तेव्हापासून प्रयोगात एक ठिपका उमटलेला नाही. भीमराजनं पुजलं ते मढंच होतं. काल त्याची बायको मंजुषा गेटवर भेटली. नवऱ्याचं सोडून माझ्या प्रबंधासाठी हळहळत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. सोमवारी समितीपुढे हे पत्र जरूर वाचा, फक्त सुरुवात इथून करा.