कावळ्यासाठी बारा वर्षांची

२९ सप्टेंबर १९८३, गुरुवार
मी सांगते, सूनबाई अनसूया लिहिते. ती शाळेत शिकवते. अक्षर छान आहे म्हणतात. मला काय कळतंय. ही वही कोणी वाचायची नाही. मीही वाचणार नाही, मला येतच नाही. म्हणून सगळं खरं सांगणार.

आज यांचं श्राद्ध. जाऊन बारा वर्षं झाली. गच्चीवर पान ठेवलं: खीर, वडे, भोपळ्याची भाजी. कावळे टाकीवर बसून नुसते बघत राहिले. हात जोडून म्हटलं, नातीचं लग्न यंदा उरकू. नाही. न्हाणीघराचा गळका नळ बदलू, त्यावरून फार कटकट करायचे. तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पानाला शिववला. अनसूया म्हणाली, ही प्रॉक्सी हजेरी झाली.

चार वाजता आतल्या खोलीत खोकला. यांचाच. खाट रिकामी. बारा वर्षं रोज चारला येतो. मी भीत नाही. फक्त चारला त्या खोलीत जात नाही.

३० सप्टेंबर, सकाळी
कावळा का शिवला नाही, त्याचं कारण सापडलं. यांना व्हिस्की हवी आहे. साधीसुधी नाही. यांच्या सातपूरच्या कारखान्यात मशीन बसवायला एक गोरा इंजिनियर आला होता, त्याने यांना बूचभर पाजली. सिंगल माल्ट. पुढे मरेपर्यंत तेच पुराण: आधी धूर येतो, मग मध, मग जीभ गप्प बसते.

सर्वपित्रीला सहा दिवस आहेत. तेवढ्यात उत्तम बाटली निवडायची. त्यात अवघड काय? मी पन्नास वर्षं वांगी निवडली आणि दोन जावई निवडले. वांगी चांगली निघाली.

सिंगल म्हणजे अर्धा कप, हे हॉटेलातल्या चहावरून ठाऊक आहे. माल्ट म्हणजे पोरांच्या दुधात घालतात ती पावडर. अर्धा कप ताकदीचं दूध. एवढ्याने यांना काय चढत होतं कोण जाणे.

१ ऑक्टोबर
शेजारचे गोटीराम सुभेदार देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेत. त्यांना विचारलं. आधी हसले, मग खुर्ची पुढे ओढून बसले. वहिनी, सिंगल म्हणजे एकाच भट्टीची, भेसळ-मिसळ नाही. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, आपला जव. तिकडे काही ठिकाणी दलदलीतली वाळकी माती जाळून तिच्या धुरावर तो वाळवतात, त्याचाच तो वास. बाटलीवरची बारा म्हणजे लाकडी पिंपात बारा वर्षं. रंगावर जाऊ नये. तोंड जरा उघडं ठेवून वास घ्यावा. नवख्याने दोन थेंब पाणी घालावं.

अनसूयेने नाक मुरडलं. श्राद्धाच्या पानावर दारू कशी चालेल? मी म्हटलं, श्राद्धाला जव चालतो ना? मग त्याचंच हे पाणी. 

सुभेदार आणखी एक म्हणाले. पिंपातून दर वर्षी थोडी उडून जाते, त्याला गोरे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. बघा, काकबळी त्यांच्यातही आहे.

एकच गोष्ट मनातून जाईना. बारा वर्षांची म्हणजे एकाहत्तर सालची. हे सरणावर गेले तेव्हा ही पिंपात गेली. दोघं इतकी वर्षं अंधारात.

२ ऑक्टोबर
गांधीजयंती. ड्राय डे. आज हा विषय काढायचा नाही असा निश्चय.
चारला खोकला. काढावा लागला.

४ ऑक्टोबर
बहिरू आग्रा रोडवर ट्रक चालवतो, मुंबईहून फॉरेनचा माल आणतो. दोन बाटल्या घेऊन आला. दोन्ही सीलबंद. दोन्ही बारा वर्षांच्या, असं अनसूयेने वाचलं. एक फिकट, तिच्यावर किल्ला. दुसरी गडद, तिच्यावर पक्षी. रंगावर जायचं नाही हे मला पाठ होतं, म्हणून रंगाकडे पाहिलंच नाही. पक्ष्याची घेतली. कावळ्याला ओळखीचं वाटावं. किंमत लिहू नकोस.

बूच न काढता वास घेतला. धूर आला. अनसूया म्हणते, बहिरूच्या हाताला डिझेलचा वास होता. मला आता यातलं कळतं, तिला कळत नाही.

५ ऑक्टोबर
आज दुपारची झोप येत नाही म्हणून आत्ताच सांगते. हे कोणाला सांगितलेलं नाही. अनसूयेचा हात थांबला आहे, लिही.

शेवटच्या आठवड्यात यांनी एकदाच मागितली. डॉक्टरांनी थेंबही नको म्हटलेलं, आणि आणणार तरी कोण? मी कोरा चहा केला. गुळाचा. वाटीत निखारा ठेवून तूप सोडलं, भाताला देतात तसा धुंगार दिला. गार करून काचेच्या पेल्यात ओतला, चार वाजता हातात दिला. म्हटलं, सुभेदारांनी आणलीय, गुपचूप घ्या. यांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. म्हणाले, “हीच ती.” मग खोकले. तिसऱ्या दिवशी गेले.

मरणाऱ्या माणसाला फसवलं. उद्या खरी दिली की फिटलं. मग खोकायचं कारण राहणार नाही.

६ ऑक्टोबर, सर्वपित्री
पान मांडलं. खिरीशेजारी वाटीत व्हिस्की, वर दोन थेंब पाणी. आधी सुभेदारांना चाखायला बोलावलं. पानावरची उष्टी नको म्हणून बाटलीतली बूचभर घेतली, वास घेतला, घोट घेतला, बूच हळूच खाली ठेवलं.  मग म्हणाले, वहिनी, हा चहा आहे. जळक्या साखरेचा. बाटल्या पुन्हा भरून विकतात, बहिरूलाही कोणी गंडवलं असेल.

 बारा वर्षांनी पुन्हा तोच चहा, तोही माझ्याच हाताने.

वाटी उचलायला हात पुढे केला तर कावळा उतरला. वड्याकडे पाहिलं नाही, खिरीला शिवला नाही. सरळ वाटीत चोच घातली. मान वर करून गिळलं. परत घातली.

अनसूया हलकेच म्हणाली, “आई, बाबांना तेव्हाच कळलं होतं, तो चहा आहे म्हणून.”

 मी फसवलं असं बारा वर्षं समजत होते. त्या वेळी खोकले म्हणजे हसू दाबलं होतं तर.

चारला मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन बसले. सव्वाचार. साडेचार. खाट गप्प. पाच वाजले. कोणी खोकलं नाही.

मग मीच एकदा खोकून पाहिलं. अनसूयेने बाहेरून विचारलं, पाणी हवं का. म्हटलं, नको, कोरा चहा टाक. दोन कप.

हे शेवटचं लिहू नकोस म्हटलं होतं. पेन चालतंय, लिहिलंस वाटतं.