सेल्फचा वरचा बोल्ट

आई,

परवा आपली जीप किल्लीवर चालू झाली. धक्का नाही, उतार नाही, शेजारपाजाऱ्यांना हाका नाहीत. किल्ली फिरवली आणि ती अशी खडखडून उठली की समोरच्या लिंबावरच्या साळुंक्यांची सगळी सभा उधळली. तुला हे सगळ्यात आधी सांगावं असं वाटलं, आणि मग आठवलं की तू नाहीस. इतकी वर्षं झाली तरी हे आठवायला मला अजून थोडा वेळ लागतो. म्हणून लिहायला बसले.

किल्ली फिरवल्यावर इंजिनाला उठवतो तो सेल्फ जळाला होता. धाकट्यानं सगळा पावसाळा जीप धक्क्यावर काढला. कळंबचं बांगड्यांचं दुकान आता तोच बघतो, आणि तुझ्यासारखाच माल घेऊन आठवडी बाजारही करतो. उतार दिसेल तिथं जीप लावायची, चाकाला दगड लावायचा, निघताना दगड काढायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, असं त्याचं चाललं होतं. ईटच्या बाजारात सपाट जागा मिळाली की मग मोठीच पंचाईत. बायका बांगड्या भरून उठल्या की हा त्यांच्या नवऱ्यांना जीप ढकलायला बोलवायचा. शेवटी तोच वैतागला. "अक्का, बास झालं आता. सोमवारी भंगारवाला येतोय. त्याच्या आत सेल्फवर चालू झाली तर राहू दे, न्हाय तर जाऊ दे तिला," असं फोनवर म्हणाला. मला त्याचा राग आला, आणि त्याचं काही खोटंही नव्हतं. पण ती जीप म्हणजे आपलं अर्धं घर. तुझ्या काचेच्या पेट्या, आण्णांच्या शिव्या, माझा गृहपाठ, सगळं तिच्यातच झालं. तिला भंगाराच्या काट्यावर बघायची माझी तयारी नव्हती. शनिवारची शाळा सुटली तशी मी तडक त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

मिस्त्री आधीच जीपखाली होता, नुसते पाय दिसत होते. नवा सेल्फ पोत्यावर ठेवलेला. आण्णांनी हौसेनं पेट्रोलचं इंजिन काढून मोठं डिझेलचं बसवलं, ते तिच्यात शिरलं खरं, पण सेल्फ बिचारा चेसी आणि सायलेन्सरच्या पाइपच्या मधे असा चेपला की त्याचा खालचा बोल्ट तेवढा दिसतो. वरचा बोल्ट आजवर कुणी डोळ्यांनी बघितलेला नाही. मिस्त्री बाहेर आला, त्याचा तळवा भाकरीएवढा. "बाई, मनगटापर्यंत जातोय हात, पुढं न्हाय. हे इंजन बसवलं तरी कुणी?" धाकट्यानं गुपचूप आभाळाकडे बोट केलं. मिस्त्रीनं वर बघून हात जोडले आणि म्हणाला, "आता गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे दिवाळीच्या आत न्हाय व्हायचं." धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. सोमवार उद्यावर आल्यासारखा होता. मी माझ्या हाताकडे बघितलं. माझं नाक आण्णांचं, आवाज आण्णांचा, चिडणंही त्यांचंच, पण हात तुझा आहे, आई, लहान आणि हाडानं बारीक.

संक्रांतीच्या आधीचा तो बाजार तुला आठवत असेल. बांगड्यांच्या धंद्यात तो एक बाजार चुकला की वर्ष चुकलं. आणि नेमकी त्याच सकाळी जीप अंगणात मेल्यासारखी पडलेली. आण्णांनी नळदुर्गच्या हायवेवरून एक जुना सेल्फ पैदा केला होता, पण वरच्या बोल्टाशी त्यांचा हात पोचेना. तासभर ते जीपखालून त्या बोल्टाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत, आणि तू चुलीपाशी भाकरी बडवत नुसती ऐकतेस. मग तव्यावरची भाकरी काढून ठेवतेस, पदर खोचतेस आणि बाहेर येतेस. "सरका." आण्णा म्हणतात, "अगं, हे बायकांचं काम न्हाय." तू म्हणतेस, "व्हय, पुरुषांचं हाय. म्हणूनच तर तासभर चाललंय." उजव्या हातातल्या बांगड्या तू एकेक करून उतरवतेस आणि एक तशीच ठेवतेस. बांगड्या बदलताना हात नुसता ठेवायचा नाही, जुनी एक राहू द्यायची, हा तुझा नेम. पोत्यावर आडवी होऊन आत सरकताना तू आण्णांना बजावतेस, "खालचा बोल्ट एका आट्यावर राहू द्या. सगळं उतरवलं तर धोंडा छातीवर यील माझ्या." मला तेव्हा वाटलं होतं की बांगड्या आणि बोल्ट यांचा नियम देवानं एकच करून ठेवलाय.

त्या हाताची विद्या तू मला बाजारातच शिकवली होतीस. एका नव्या नवरीच्या हातात मी जोर लावून बांगडी चढवत होते, ती कळवळत होती, आणि तू माझ्या मनगटावर फटका मारलास, सगळ्या बायकांसमोर. "हात धरलायस का बैल? काच जोरानं जात न्हाय. हात ढिला पडला की आपसूक वाट मिळती." मग तिचा अंगठा तळव्यात दुमडलास, करंगळी त्याच्यावर आणलीस, अख्खा हात केळफुलासारखा मिटवलास आणि तिला तिच्या माहेरचं काहीतरी विचारलंस. ती उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटावर होती. फटक्याचं मला फार लागलं होतं, दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नव्हते. "माझ्या हातून कुणाच्या हातात काच वाढली न्हाय," हे तू किती मिरवायचीस. फुटली हा शब्द तू कधी तोंडातून काढला नाहीस.

तर परवा मीही पोत्यावर आडवी झाले. एक काचेची बांगडी ठेवून बाकीच्या काढल्या. मिस्त्रीला म्हटलं, खालचा एका आट्यावर राहू द्या. तो म्हणाला, "हे कुणी शिकवलं, बाई?" म्हटलं, कासारणीनं. पाइप आणि चेसीच्या मधे हात घातला आणि तळव्यापाशी अडकला. मी जोर लावला, आणखी अडकला. मग तुझा फटका आठवला. अंगठा दुमडला, करंगळी वर आणली, श्वास सोडला. आणि खरंच सांगते, धाकट्याला विचारलं, "वहिनीच्या माहेरी यंदा सोयाबीन कसंय?" तो बिचारा गोंधळून सांगायला लागला आणि माझा हात आत गेला. बोल्ट बोटाला लागला. पाना कसाबसा बसवला, थोडं फिरवायचं, काढायचं, पुन्हा बसवायचं. बोल्ट सुटला, तो चाचपताना वरच्या खोबणीत ग्रीसच्या थरात आणखी काहीतरी लागलं, गुळगुळीत, लोखंड नव्हे. बाहेर काढून ओढणीला पुसलं. हिरव्या काचेचा तुकडा, किंचित वाकलेला, वर सोनेरी टिकली. संक्रांतीला तू तसल्याच बांगड्या घालायचीस.

जीपखाली आडवी पडून मी हसत सुटले. मिस्त्रीला वाटलं, बाईला करंट लागला. आई, तुझी बांगडी आत वाढली होती! तू आयुष्यभर मिरवलंस, आणि तुझ्याच हातातली तुझ्याच हातून गेली होती. आता मला सगळी संगती लागली. त्या दिवशी जीपखालून निघालीस ती पदरात हात गुंडाळून, थेट मालाच्या पेटीकडे. आण्णा सेल्फ मारून बघायच्या आत तुझ्या हातात नव्या बांगड्या होत्या. आम्हाला वाटलं, तुला बाजाराची घाई. आणि नेहमी मागं पेट्या धरून बसणारी तू, त्या दिवशी जाता-येता पुढं आण्णांशेजारी बसलीस, आणि वाटभर त्यांना म्हणत होतीस, "दमानं चालवा." आण्णांना वाटलं, काचेची काळजी. ते बाजारभर सांगत होते, "सेल्फ म्याच बदलला," आणि तू एका शब्दानं खोडलं नाहीस. तुला त्या घटकेला त्यांचा जीव तेवढा हवा होता. आई, मला तेव्हा हे कळलं असतं तर तुझ्यावर रुसायचं मी कधीच सोडून दिलं असतं. तू भरल्या हातानं गेलीस, आणि आण्णा त्यानंतरही कितीतरी वर्षं हीच जीप हाकत, शिव्या देत, ठणठणीत राहिले. त्या तुकड्याचं काही एक चाललं नाही.

नवा सेल्फ धाकट्यानं आणि मिस्त्रीनं खालून उचलून धरला, वरचा बोल्ट मी बोटांनीच आट्यात धरला आणि पान्यानं आवळला. तुझा तुकडा होता तिथंच, खोबणीत परत ठेवला. आणि हात बाहेर ओढताना कट्‌ असा बारीक आवाज आला. माझीही वाढली. माझा तुकडा तुझ्या शेजारी पडला, मी तो काढला नाही. बाहेर आले ती ओढणीत हात गुंडाळून. धाकट्यानं किल्ली फिरवली, साळुंक्या उडाल्या, मिस्त्री म्हणाला, "बाई, शाळा सुटल्यावर येत जा." धाकट्यानं भंगारवाल्याला फोन लावला आणि आण्णांच्याच आवाजात ऐकवलं, "कुणी सांगितलं तुम्हाला, जीप विकायचीय म्हणून?" त्याचे डोळे भरले होते, आणि धुराचं निमित्त त्याच्या हाताशी होतं.

हे पत्र जीपच्या खणात ठेवायचं मनात होतं. पण तो खण धाकटा रोज उघडतो, आणि तुझं बिंग मी फोडणार नाही. तेव्हा ते माझ्यापाशीच राहील. एक तेवढं तुला सांगते. मी असलं काही मानत नाही, शाळेत विज्ञान शिकवते, काच ठिसूळ असते म्हणून फुटते हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी ग्रीसचा हात धुवायच्या आधी मी यांना फोन लावला. हे लातूरला गेले होते, परतीच्या वाटेवर होते. म्हटलं, जरा दमानं चालवा.

हे म्हणाले, "अगं, मी एसटीत आहे. ड्रायव्हरला सांगू का?"

सांगा, म्हणाले मी.